हंसाबाईची सही

निकाल संध्याकाळी लागणार होता आणि ढोलवाले दुपारीच येऊन बसले होते. शाळेच्या पोर्चमध्ये भिंतीला टेकून त्यांच्यातला एक जण निवांत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. दारावर आडवा फ्लेक्स लागला होता. वर 'हार्दिक अभिनंदन', मधोमध संस्थापक अध्यक्ष बबनराव काळबांडे यांचा हात जोडलेला फोटो आणि खाली रिकामे चौकोन. निकाल लागला की त्या चौकोनांत पोरांचे चेहरे चिकटवायचे होते. चेहरे कुणाचेही निघाले असते तरी चालणार होतं.

कॉम्प्युटर रूमच्या खिडकीतून वर्षा राठोडनं हे पाहिलं आणि मनातल्या मनात थुंकली.

"मॅडम, उघडली का साइट?" बबनरावांनी दारातून विचारलं. अंगात नवं कोरं जाकीट होतं, त्याचा एक धागा कॉलरशी लोंबत होता.

"अजून नाही सर."

"लागला की पयले मले सांगा. पालकाइले मी सांगतो. अन् चेहरा जरा हसरा ठेवा. कोनाच्या मयतीले नाई आलो आपन."

यवतमाळच्या बायपासवर जिथं आज विहंगम वर्ल्ड स्कूल उभी आहे, तिथं आधी बबनरावांचं लग्नाचं लॉन होतं. त्याच्याही आधी त्यांचं देशी दारूचं दुकान होतं, पण ते गावात. लग्नं काही महिनेच असतात आणि शाळा वर्षभर चालते, हे त्यांना एका मे महिन्यात सुचलं आणि जूनमध्ये पाटी लागली. स्टेज तेच राहिलं. नवरा-नवरीच्या मखमली खुर्च्याही त्याच राहिल्या. त्यांच्यावर आता प्रमुख पाहुणे बसत. ढोलवालेसुद्धा लॉनच्या काळातलेच होते. वर्षाला हा माणूस पहिल्या दिवसापासून तुच्छ वाटत आला होता, आणि त्याच्या हाताखाली ती इतकी वर्षं टिकली ती बहुधा त्यामुळेच. ज्याची किंमतच वाटत नाही त्याच्या बोलण्याचा त्रास होत नाही, असं ती नवऱ्याला सांगे. नवरा भारत झरी जामणीकडे आश्रमशाळेत मास्तर होता. तो शनिवारी घरी यायचा आणि बायकोचं हे तत्त्वज्ञान जेवता जेवता ऐकून घ्यायचा.

ती अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवायची. पण तिचं खरं काम दिवाळीच्या आधी सुरू व्हायचं. दिल्लीकडची, पुण्याकडची काही बडी खासगी विद्यापीठं बारावीची परीक्षा व्हायच्या आधीच, डिसेंबरात, आपल्याला हवी ती पोरं निवडून मोकळी होत. शाळेत त्याला 'अर्ली राउंड' म्हणत. त्या अर्जात मुलानं स्वतःविषयी निबंध लिहायचा असे. आपण कोण, आपल्याला कशाची ओढ, आपल्या हातून आजवर काय घडलं. विहंगमच्या पोरांच्या हातून काहीच घडलेलं नसे. म्हणून ते वर्षा घडवून देई.

"मॅम, माझं पॅशन काय टाकलं?" अंकुर भोयरनं तिला ऑक्टोबरात विचारलं होतं.

कापसाच्या जिनिंगवाल्या रामराव भोयरांचा हा एकुलता एक मुलगा. गोरा, गुबगुबीत, वागायला वाईट नव्हता. वाईट वागायलाही जी थोडी धडपड लागते ती त्याच्यात नव्हती, इतकंच.

"तुला काय आवडतं?" तिनं विचारलं.

त्यानं बराच विचार केला. "तसं फिक्स नाही काही."

शेजारी त्याचे वडील बसले होते. ते म्हणाले, "तुमीच पाहून टाका ना मॅडम, चांगलं असं. थ्याले काय समजते त्याच्यातलं."

वर्षा तिथं हसली नाही. घरी येऊन मात्र तिनं ते लेकीला नक्कल करून दाखवलं, आणि दोघी पोट धरधरून हसल्या. लेक निकिता त्याच वर्गात होती, स्टाफच्या सवलतीतून. मायलेकींची गट्टी या नकलांवरच पोसली होती. बबनरावांचं इंग्रजी, रामरावांच्या बोटांतल्या अंगठ्या, पालकसभेत डोळे पुसणाऱ्या बाया, यांच्यातलं कुणी त्यांच्या जेवणाच्या ताटावरून सुटलेलं नव्हतं. दोघींच्या नजरेतला टोमणा इतका सारखा होता की भारत म्हणे, घरात एकच बाई दोन ठिकाणी बसलेली वाटते.

अर्जात समाजसेवाही लागते हे बबनरावांना कुठूनसं कळलं. "मॅडम, तुमचा तांडा हाय न नेरकडे? तिथंच नेऊ ना पोट्ट्याइले. घरचंच काम हाय."

वर्षाला नाही म्हणता आलं असतं. ती म्हणाली, न्या. हे लोक काहीही करोत, त्याला अर्थ थोडाच असतो, असं तिला वाटलं. एक दिवस येतील, फोटो काढतील, जातील.

एसी बस तांड्याबाहेर लिंबाखाली थांबली. सोयाबीन काढायचे दिवस होते, धडधाकट माणसं शेतात गेलेली. ज्या म्हाताऱ्या घरी सापडल्या त्यांत वर्षाची आई हंसाबाई होती. तिच्या पुढ्यात पाटी ठेवली गेली आणि अंकुर मांडी घालायचा प्रयत्न करून अखेर खुर्चीवर बसला.

"आजी, सही करा."

"मले येते ना बाबू सही."

"हो, पण मी शिकवतोय असं करा. फोटोला."

हंसाबाईनं लेकीकडे पाहिलं. वर्षानं मान हलवली. मग म्हातारीनं अंकुरच्या पंजाखाली आपला हात ठेवला आणि न येणाऱ्या बाईसारखं, अडत अडत, आपलं नाव काढलं. पहिला फोटो हलला म्हणून पुन्हा काढलं.

ती सही तिला वर्षानंच शिकवली होती. वर्षा तेव्हा तिसरीत होती. घराच्या मागच्या भिंतीवर, चुलीतल्या कोळशानं. हंसाबाईला 'ह' वळवता येईना. ती चिडून कोळसा फेकून द्यायची आणि पोर तो शोधून आणून पुन्हा तिच्या हातात द्यायची. एका दिवाळीला वर्षाच्या बापानं, फुलसिंगनं, त्या भिंतीला चुना मारायला घेतला तर हंसाबाई त्याला आडवी झाली. "तिथं माह्यं नाव हाय," ती म्हणाली. तेवढा तुकडा सोडून फुलसिंगनं भिंत पांढरी केली, आणि फुलसिंग गेला त्या सालापर्यंत तो तुकडा काळाच राहिला.

ही गोष्ट निकिताला आजीच्या तोंडून पाठ होती. अंकुरच्याच विद्यापीठाला तिचाही अर्ज होता, आणि आपल्या निबंधात तिला तीच लिहायची होती. वर्षा तेव्हा भडकली होती.

"आपली गरिबी दाखवून जागा मांगतं काय? थे भोयरसारख्याइनं करावं. तू तांडा विकू नको, निकिता. तुह्यात काय हाय थे लिही."

निकिताला ते पटलं. आईची लेक होती ती. तिनं गणितावर लिहिलं. सरळ, प्रामाणिक आणि वाचणाऱ्याला जांभई येईल असं. आईला हातही लावू दिला नाही.

मुदत संपायला एक दिवस उरला तरी अंकुरचं पान कोरंच होतं. बबनराव दर तासाला येऊन दारात उभे राहत होते. वर्षानं आधी क्रिकेटवर काही लिहून पाहिलं, मग पर्यावरणावर. दोन्ही वाचून तिलाच लाज वाटली. आणि मग कोळशाची गोष्ट एका बैठकीत उतरली. पोरीच्या जागी अंकुर आला, बाकी सगळं तसंच राहिलं. फेकलेला कोळसा, चुना, सोडलेला तुकडा. लिहिताना तिचे डोळे भरून आले. आजवर तिनं लिहिलेलं सगळ्यांत चांगलं काही असेल तर ते हेच होतं. अंकुरला ते देणं म्हणजे कुणालाच न देणं, असं तिला खरोखर वाटलं. या पोराचं नाव कशावरही घातलं तरी ते थोडंच त्याचं होतं? तिनं मजकूर पाठवून दिला आणि घरी जाऊन नेहमीसारखी अंकुरची नक्कल केली. निबंध कशावर झाला ते निकितानं विचारलं. "काहीतरी समाजसेवेचं," वर्षा म्हणाली.

साइट उघडली.

आधी अंकुरचा क्रमांक टाकायचं बबनरावांनी बजावलं होतं. पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले आणि अभिनंदनाची ओळ आली. वर्षानं ती पाहिली, वही मिटावी तसं पान मिटलं आणि लेकीचा क्रमांक टाकला. तिथं काही उडालं नाही. एक परिच्छेद होता, फार सभ्य. यंदा अर्ज खूप आले, निर्णय कठीण होता, तुमच्या पुढच्या वाटचालीला शुभेच्छा.

"झालं का भोयरचं?" बबनराव मागे येऊन उभे होते.

"झालं."

"वा रे पठ्ठे!" ते ओरडत बाहेर गेले. क्षणात ढोल सुरू झाले. दुसऱ्या कुणाचं काय झालं, हे विचारायला ते थांबले नाहीत.

हॉलमध्ये पालक भरले होते. रामराव भोयर मखमली खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या शेजारी अंकुर, गळ्यात हार, लग्नघटिकेची वाट पाहणाऱ्या नवरदेवासारखा. ज्यांचं जमलं नव्हतं ती पोरं मागच्या रांगेत बसवली होती, टाळ्यांसाठी. निकिता तिथं होती. वर्षानं तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिनं खांदे उडवले आणि बबनरावांच्या जाकिटाच्या धाग्याकडे भुवईनं खूण केली. वर्षाच्या जिवात जीव आला. पोरगी खचलेली नव्हती.

तेवढ्यात बाजूच्या दारातून शाळेचा शिपाई एका म्हातारीला हाताला धरून आत घेऊन आला. अंगावर आरशांचा फेटिया घागरा, आरशांची कांचळी चोळी, डोक्यावरून ओढणी. वर्षाला आधी कळलंच नाही ती कोण ते. हंसाबाईनं हा पोशाख सोडून लुगडं धरल्याला जमाना झाला होता. हा तिनं तांड्यातल्या सुखीबाईकडून मागून आणलेला असणार, कारण कांचळी दंडाला रुतत होती.

"याडी," वर्षा तिच्याशी पोचून कुजबुजली, "तू इकडं कशी?"

"गाडी आली होती ना घ्याले. तुह्या सायेबानं फोन केलता. म्हने आरशाचे कपडे घालून या." हंसाबाई खूश दिसत होती. "तुले सांगतलं नाई? म्हने वर्षा मॅडमले सरप्राइज देऊ."

शिपाई तिला स्टेजवर घेऊन गेला. बबनरावांनी माइक घेतला होता. अंकुरनं विद्यापीठाला लिहिलेल्या निबंधातल्या दोन ओळी त्यांनी इंग्रजीत वाचल्या, तीन ठिकाणी अडखळत, आणि मग कागद खिशात घालून मराठीवर आले.

"आता सोप्या भाषेत सांगतो. आपला अंकुर तांड्यावर गेला. तिथं ह्या मायबाई. अक्षरशत्रू! यानं काय केलं? चुलीतला कोळसा उचलला अन् भिंतीवर शिकवाले सुरू केलं. मायबाई कोळसा फेकून द्यायची, हा आनून द्यायचा. घरधनी चुना माराले आला तं मायबाई म्हने, तिथं माह्यं नाव हाय!"

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. घरधनी मरून किती वर्षं झाली आणि अंकुर तेव्हा जन्मला तरी होता का, हा प्रश्न त्या हॉलमध्ये कुणालाही पडला नाही.

वर्षानं मागे वळून पाहिलं. निकिता तिच्याकडेच बघत होती. ती रडत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. एक भुवई किंचित वर, ओठ एका कोपऱ्यात दुमडलेले. या नजरेनं दोघी मिळून इतकी वर्षं बबनरावांकडे, रामरावांकडे, साऱ्या जगाकडे बघत आल्या होत्या.

"आजी, बोला ना दोन शब्द," बबनरावांनी माइक हंसाबाईच्या तोंडाशी धरला. "कोनं शिकवली तुमाले सही?"

हंसाबाईनं अंकुरकडे पाहिलं, माइककडे पाहिलं आणि मग स्टेजखाली उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. म्हातारीनं आता खरं सांगून टाकावं, सगळ्यांसमोर, आणि हे मखमली दुकान एकदाचं कोसळावं, असं वर्षाला वाटलं. त्याच क्षणी, सांगू नये, असंही वाटलं. हे दोन्ही तिच्या चेहऱ्यावर किती आणि कसं उमटलं, हे तिलाही कधी कळलं नाही.

"या बाबूनं," हंसाबाई म्हणाली. "यानंच शिकवली मले. भिंतीवर."

"किती दिवसांत आली?"

"लवकर आली. मास्तर चांगला होता तं लवकर येते."

पुन्हा टाळ्या. पांढरा फळा आणला गेला, हातात काळा मार्कर दिला गेला. हंसाबाईनं फोटोवाल्यांना पुरेल इतकं हळू आपलं नाव लिहिलं. तिच्या खांद्यावर एक शाल आली. मागच्या रांगेतली एक खुर्ची रिकामी झाली होती.

बाहेर पेढे वाटले जात होते. अंकुर गर्दीतून वाट काढत वर्षापाशी आला. "मॅम, थँक्यू. ते भिंतीचं कुठून सुचलं तुम्हाला? भारी आहे."

"सुचलं," वर्षा म्हणाली.

घरी निकिता आधीच पोचली होती. हंसाबाई न्हाणीघरात जाऊन कांचळी बदलून आली आणि पलंगावर पाय घेऊन बसली. वर्षानं चहा ठेवला. मग तीच बोलली, कारण या घरात सगळ्यावर बोलायची रीत तिनंच पाडली होती.

"अंकुरचं मिटवायचं होतं, निकी. शेवटच्या दिवशी काही सुचेना. तुले वाटते तसं..."

"मले काई नाई वाटत." निकिता मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली. आवाज शांत होता, जवळजवळ खेळकर. "मी एक विचारून राह्यली फक्त. मले तू तांडा चिल्लरमधे विकू देत नोती. मंग तू ठोकमधे कायले विकला?"

वर्षाच्या हातातला चिमटा तसाच राहिला. चहा उतू गेला, गॅस विझला. इतकं नेमकं वाक्य तिनं स्वतः कधी कुणाविषयी काढलं नव्हतं. दुसऱ्या कुणावर काढलं असतं तर तिनं पोरीची पाठ थोपटली असती.

निकिता आतल्या खोलीत गेली. तिनं दार आपटलं नाही, नुसतं लोटलं.

वर्षानं गॅस पुसला. पुसता पुसता, आईकडे पाठ करूनच, ती म्हणाली, "याडी, तू खोटं काहून बोलली? सांगाचं होतं सरळ. तुह्या सहीसाठी मी किती..."

"मले काय मालूम, बाई." हंसाबाई कांचळीनं लाल झालेला दंड चोळत होती. "सायेब कागद वाचून राह्यला होता. मी शिपायाले पुसलं, हे कोनं लिवलं? तो म्हने, वर्षा मॅडमनं. तुह्या हातचं लिवलेलं. इतक्या मानसात मी त्याले खोटं कशी म्हनू?"

त्यात टोमणा नव्हता. वर्षानं वळून पाहिलं, तो शोधला, आणि तो नव्हता. म्हातारी खरोखर तिच्या बाजूनं उभी राहिली होती.

वर्षा ओट्यापाशी खाली बसली. हंसाबाईनं नवा चहा मांडला, त्यात अंदाजानं साखर टाकली आणि एक कप आतल्या खोलीत नेऊन दिला. दारामागून आजी-नातीचं हळू बोलणं बराच वेळ ऐकू येत राहिलं. शब्द कळत नव्हते. मध्येच निकिता रडल्याचा आवाज आला, आणि तो ऐकून वर्षा उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

सकाळी निकितानं पिशवी भरली होती. "मी नानीसोबत जातो तांड्यावर. चार-आठ दिवस. अभ्यास तिथं होते," ती बापाला फोनवर सांगत होती. आईला तिनं वेगळं सांगितलं नाही.

बसस्टँडवर नेरची गाडी लागलेलीच होती. लगीनसराईमुळे गर्दी होती. वर्षानं पुढे होऊन खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या. निकिता आत चढली, रुमाल उचलून न बघता खिडकीबाहेर आईच्या हातात दिला आणि आजीला खिडकीशी बसवून आपण पलीकडे बसली.

"तू जाय आता," हंसाबाई वरून म्हणाली. "शाळेले उशीर होईन."

"पोचल्यावर फोन करजो."

"करतो. अन् जेवत जाजो येळेवर."

कंडक्टरनं घंटी मारली. वर्षाला आणखी काही सांगायचं होतं, पण गाडी मागे सरू लागली होती आणि हंसाबाईचं लक्ष नातीकडे गेलं होतं. ती पदराच्या गाठीतलं काही सोडून तिच्या हातावर ठेवत होती. दोघींची डोकी जवळ आली. गाडी वळली तेव्हा वर्षानं हात वर केला.

त्या दोघींना ते दिसलं नाही. मागच्या खिडकीतल्या एका अनोळखी बाईला वाटलं, हात आपल्यालाच केला. तिनं आधी जरा गोंधळून आणि मग हसून हात हलवला. वर्षानं आपला हात खाली घेतला नाही. गाडी दारव्हा रोडच्या वळणाला दिसेनाशी होईपर्यंत ती त्या बाईला हात करत उभी राहिली.